प्रेमराज भाऊंचे चार मार्क

२१ जुलै, सोमवार

आलो होतो गाडी चालवायला, झालो प्रश्न विचारणारा! आधीचा पोरगा काम सोडून पळाला. दारूची पाहणी करणाऱ्या नूतन मॅडम म्हणाल्या, "वाचता येतं ना? बस झालं. शिकलेला दिसला की लोक खोटं सांगतात." आठवी नापास असल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

दारूचे दहा प्रश्न. एकेकाला चारपर्यंत मार्क. आधी मी विचारायचं, मग काही दिवसांनी मॅडम त्याच माणसाशी तासभर बोलणार — माझा कागद न बघता. दोघांचं जुळलं तर प्रश्न खरे. मार्क वीसच्या वर गेले तर मला लगेच सांगायचं, माणूस त्याच दिवशी धुळ्याला दवाखान्यात.

२४ जुलै

नऊ घरं. पाय चिखलात. घरी पहूरला जावंसं वाटतं. गेलो की दोन दिवसांत पळावंसं वाटणार. सुरतेला तेच, साक्रीला तेच.

२८ जुलै

आज प्रेमराज भाऊ. ज्यांच्या घरात राहतो, ज्यांची भाकर खातो, त्यांनाच विचारायचं!

मॅडमनी बजावलंय — माणूस एकटा असताना विचार. पण भाऊंच्या बायको, भागाबाई अक्का, दारातच उभ्या, हाताला पीठ. त्यांना बाहेर जा कसं म्हणू?

"सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का?"

भाऊ हसले. "नही रे भो. कधीमधी."

गोठ्यामागे ग्लास रिकामा केल्याशिवाय त्यांना चहाची बशी धरता येत नाही. महिनाभर रोज बघतोय मी. अक्काही बघतात. पण त्या हाताचं पीठ झटकत राहिल्या.

मग भाऊ पोरीच्या लग्नाच्या काळजीनं हळूच म्हणाले, "मेघानं लगीन करनं शे. कागद गावभर व्हयना तं?"

भाऊंना दाखवून चार मार्क लिहिले. खरे लिहिले असते तर पंचवीस-सव्वीस.

२ ऑगस्ट

भाऊंनी गुरुवारपासून सोडली! थेंब नाही. उद्या घरात कानबाई देवी बसणार, रोटांचा नैवेद्य आहे, त्यासाठी असेल. घाम फार येतोय, हात थरथरतात. म्हटलं, "भाऊ, वाघ आहात!" तर म्हणाले, "वाघले झोप लागस. माले नही."

सोमवारी मॅडम त्यांच्याशी बोलणार. आता बोलू दे खुशाल.

४ ऑगस्ट

लिहवत नाही.

काल कानबाईसमोर भाऊ कापायला लागले. सगळं अंग. त्यांच्या वहिनी ओरडल्या, "कानबाई माय ऊनी! माय ऊनी!" अंगात आलं समजून बायकांनी हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. कोणी विचारतंय, "माय, मेघानं लगीन कधी जमी?" भाऊ भिंतीकडे बोट दाखवून — "मुंग्या! बठ्ठी भिंत मुंग्यासनी भरनी!" लोक भिंतीच्या पाया पडले. मीपण पडलो.

मग ते आडवे झाले. दातखीळ, तोंडाला फेस. "माय सोडी गयी," कोणी तरी म्हणालं. डोळे पांढरे झाले तेव्हा मी धुळ्याला न्यायला गाडी काढली. नेरच्या पुढे अक्का मागून म्हणाल्या, "सावकास चालाड आते." तेव्हाच समजलो.

६ ऑगस्ट

मॅडम बसायला आल्या होत्या. बाहेर मला म्हणाल्या, "रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की जिवावर बेततं. दवाखान्यात, औषधावर सोडवावी लागते. म्हणून तर वीसच्या वरचे धुळ्याला पाठवतो. यांच्या कागदावर चार कसे?"

"तेच म्हणाले तसं," मी म्हणालो.

९ ऑगस्ट

सात घरं. सगळ्यांना एकटं गाठून विचारलं.

१६ ऑगस्ट

तेरावं काल झालं. कानबाईनं नेलं असं गाव म्हणतं. 

आज अक्कांनी भाकर वाढली. खाली बघत म्हणाल्या, "समाधान, कानबाईसाठे नही सोडी दारू त्यासनी. ते म्हनेत — पोऱ्यानी मन्हाकरता खोटं लिखं. आते माले ते खरं करनं पडी."