अकरा क्रमांकाच्या विहिरीचा काठ

वारजे, पुणे ५८
रविवार, दुपारी तीन

आदरणीय व्याही बाबुराव यांस,

सप्रेम जयभीम. आम्ही उभयता येथे सुखरूप आहोत. अकोल्याचा उकाडा उतरला असेल, असे गृहीत धरतो. आपला डावा गुडघा कसा आहे? हा प्रश्न मी केवळ शिष्टाचार म्हणून विचारलेला नाही, हे पुढे आपल्या ध्यानात येईल. माझ्या मागील पत्राचे पाकीट फोडण्यास आपल्या धाकट्या चिरंजीवाला, समाधानला, पक्कड घ्यावी लागली, असे आपण कळवले होते. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की पाकीट चिकटवायचे तर ते चिकटलेच पाहिजे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर युक्तिवादाचा क्रम राहत नाही. समोरचा मध्येच जेवण झाले का म्हणून विचारतो.

विषय आपल्या आम्रपालीचा आहे. (तिची आई माझी लेक आणि आपल्या घरची सून, तेव्हा नात निम्मी निम्मी, परंतु गेली चार वर्षे ती शिक्षणासाठी माझ्याकडे राहते, त्यामुळे तिच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी सध्या माझी.) पुण्याच्या पश्चिमेकडील विहिरींचे पाणी वर्षभरात किती खाली-वर होते, यावर तिने शोधनिबंध लिहिला आणि परदेशातील एका भूशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवला, हे आपण जाणताच. तो स्वीकारला गेल्याखेरीज तिला प्रबंध सादर करता येत नाही आणि प्रबंधाची मुदत या सत्राअखेर संपते. म्हणजे चार वर्षांचे काम एका निबंधावर येऊन थांबले आहे.

निबंध पाठवणे हे निबंध लिहिण्यापेक्षा अवघड असते, हे मला या वयात कळले. लेखकांसाठीच्या सूचनांचीच एक्केचाळीस पाने होती. आम्रपालीने ती चाळली, मी वाचली. नवव्या पानावर संदर्भातील वर्षापूर्वी स्वल्पविराम द्यावा असे होते, तेविसाव्या पानावर देऊ नये असे. एकाच गोष्टीविषयी एकाच शास्त्राने परस्परविरुद्ध आज्ञा केली तर लेखकाने काय करावे, असे मी संपादकांना सविस्तर विचारले होते. (ते पत्र आम्रपालीने पाठवलेच नाही, हे मला गेल्या महिन्यात समजले.) निबंध पहिल्यांदा अवघ्या दोन तासांत परत आला, कारण नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. उत्तर दिशा वरच असते, ती काय पळून जाते, असे आमच्या सौ. चंद्रभागाबाई म्हणाल्या. बाण रेखाटला. निबंध पुन्हा गेला.

निबंध पाठवण्याआधी त्याची भाषा तपासण्याचे काम मी मागून घेतले होते. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने घरातला युक्तिवाद पाहू नये, हे बरे दिसत नाही. आम्रपालीने ठिकठिकाणी ‘कदाचित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला होता. मी मोजले, एकोणीस वेळा. ‘शंका हा निष्कर्ष नव्हे,’ असे सांगून मी ते सर्व काढायला लावले. ती म्हणाली, “आजोबा, सायन्समध्ये तसंच लिहितात हो.” मी म्हणालो, “मग सायन्सने सुधारावे.” हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे; मी ते विसरण्याचा प्रयत्न करीत आहे.

तीन महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने दोन ओळींत कौतुक केले. त्याने निबंध वाचला नसावा. दुसऱ्याने चार पाने लिहिली, आणि मनुष्य माझ्या स्वभावाचा आहे. त्याचा चौदावा प्रश्न असा: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अकरा क्रमांकाच्या विहिरीचे पाणी एकाएकी शेहेचाळीस सेंटीमीटर खाली गेले आणि शेजारच्या एकाही विहिरीचे गेले नाही; तेथे खडकाला भेग असल्याचे आपण ठामपणे म्हणता, ते कशाच्या आधारावर?

ठामपणे! मूळ वाक्यात ‘कदाचित’ होते.

अकरा क्रमांकाची विहीर आमच्या सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या मागे आहे. तिचा निरीक्षक मी. दर रविवारी सकाळी सात वाजता टेपला वजन बांधून आत सोडायचे, पाणी लागले की आकडा वहीत लिहायचा. आम्रपालीने पहिल्या दिवशी सांगितले होते, “आजोबा, काठापासून मोजा.” मी काठापासून मोजले. एकही रविवार चुकवला नाही.

या चौदाव्या प्रश्नापायी पोरीने दहा दिवस जेवताना नकाशाचे पान समोर ठेवून त्यावर बोटाने भेगा रेखाटल्या. तिच्या मार्गदर्शक नम्रता मॅडमनी, समाधानकारक उत्तर नसेल तर ही विहीर वगळावी लागेल आणि तिच्यावर उभा असलेला निबंधाचा निम्मा भागही, असे सांगितले. मुलगी रडत नाही, हे आपल्या घराण्याचे. परंतु ती ताटात भात तसाच ठेवू लागली, हे मला सहन होईना. म्हणून आज सकाळी मी मोजमाप अधिकच काळजीने केले. चंद्रभागाबाई गॅलरीत मेथी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अहो, पाणी खाली गेलं म्हणता, की कठडा वर आला?”

बाबुराव, मी विहिरीतला टेप ओढून कठड्याला लावला.

लहान मुले वाकून बघतात म्हणून सोसायटीने विहिरीचा कठडा वाढवला होता: सिमेंटच्या ठोकळ्यांचे दोन थर आणि वर कडप्पा. मी ताबडतोब मोजले. शेहेचाळीस सेंटीमीटर. काठ म्हणजे सर्वांत वरची कड, ही व्याख्या मी कधी सोडली नाही. काठ वर गेला, त्याबरोबर मीही वर गेलो. आम्रपालीच्या मनात काठ म्हणजे ठोकळ्यांखालची, गुडघ्याएवढ्या उंचीची जुनी दगडी कड होती. एका शब्दाचे दोन अर्थ घेतल्याने होणारा दोष मी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना चौतीस वर्षे जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिकवला आहे. याहून लाजिरवाणे असे, की काम चालू असताना गवंड्याला “ओळंबा नीट धर” म्हणून मीच बजावले होते. आणि मार्चपासून टेप सोडताना मला कमी वाकावे लागू लागले, त्याचे श्रेय मी सकाळच्या व्यायामाला दिले. (आपल्यालाही तो व्यायाम करण्याचा आग्रह केला होता. तो मागे घेतो.)

तेव्हा भेग नाही. खडक निर्दोष आहे. भेग होती ती निरीक्षकात, आणि तीही ‘कदाचित’ नव्हे.

घरात सर्वांना सप्रेम जयभीम.

आपला व्याही,
रतन

ता. क. १: ठोकळ्यांची उंची मोजता येते, तारीख मोजता येत नाही. सोसायटीच्या वहीत कामाची नोंद नाही, अध्यक्ष म्हणतात, “झालं असेल दिवाळीनंतर कधीतरी.” फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आपण गुडघा दाखवायला पुण्यास आला होता आणि रिक्षा येईपर्यंत त्याच कठड्यावर बसला होता. समाधानने मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात आपल्या दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकलेले आहेत, असे मला आठवते; म्हणजे तोवर कठडा वाढला नव्हता. आज त्या कठड्यावर बसायला शिडी लागेल. कृपया तो फोटो तारखेसह पाठवावा आणि आपला डावा पाय टाचेपासून गुडघ्यापर्यंत, अनवाणी, बसलेल्या स्थितीत मोजून सेंटीमीटरमध्ये कळवावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लांबीत फरक पडला असल्यास उजवा मोजावा. मोजमाप कुठून कुठपर्यंत घेतले, ते स्पष्ट लिहावे.

ता. क. २: आपल्या पायाचा उल्लेख निबंधाच्या ऋणनिर्देशात करण्याची शिफारस मी करीन. माझा उल्लेख असू नये.

ता. क. ३: आम्रपालीला यातले मी अद्याप काहीही सांगितलेले नाही. सकाळपासून तीन वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तीन वेळा पाणी पिऊन परत आलो. हे पत्र उद्या पोस्टात टाकायला तिच्याच हाती देणार आहे. पाकीट चिकटवलेले नाही.