देगीचा वास आणि नाकातले थेंब

अब्बा,

काल जव्हारच्या डॉक्टरांनी मला सर्दीसाठी नाकात मारायचा फवारा दिला आणि तीन दिवसांपलीकडे वापरू नये, असे बजावले. ते मला पूर्वीपासून ठाऊक आहे, असे मी त्यांना सांगितले. कोणामुळे, हे मात्र सांगितले नाही. ते तुम्हालाच लिहीत आहे.

लग्नाच्या पुलावाची देग कणकेने लिंपून झाकणावर निखारे पसरले की तुम्ही डोळे मिटून वास घेत असा आणि देग केव्हा उतरवायची ते सांगत असा. जव्हार-मोखाड्यात तुमचा लौकिक त्या नाकावर होता. एका हिवाळ्यात तुम्हाला सर्दी झाली आणि कोणीतरी दुकानातून थेंबांची बाटली आणून दिली. नाक लगेच मोकळे झाले. मग ती बाटली सदऱ्याच्या खिशातच राहू लागली. सर्दी गेली, तरी थेंबांचा असर उतरला की नाक गच्च होई आणि पुन्हा थेंब पडत. चुलीपाशी राबणारी माणसेही बाटलीची तीच नळी आपल्या नाकात घालत, आणि तुम्ही ती कौतुकाने देत असा. अखेर मोखाड्याच्या एका लग्नात देग खालून लागली. जळका वास सर्वांना आला, तुम्हाला आला नाही. परतताना ट्रकमध्ये तुम्ही रिकाम्या देगीला टेकून तिच्या झाकणाचा पुन्हा पुन्हा वास घेऊन पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला दवाखान्यात नेले.

"चाचा, सर्दी केव्हाच गेली. आता नाक बंद पाडतंय ते हे औषध," डॉक्टर म्हणाले.

"जे उघडतं, तेच बंद कसं करील?"

फार दिवस घातले की असर उतरताच आतली सूज उलट वाढते, असे त्यांनी समजावले. एकाची नळी दुसऱ्याने वापरू नये, रक्तदाब असलेल्याने तर विचारल्याशिवाय हे औषध घेऊच नये, असेही सांगितले. आधी एका नाकपुडीचे थेंब थांबवायचे, ती मोकळी झाली की दुसरीचे; तोवर उकळून कोमट केलेले मिठाचे पाणी नाकात घालायचे. बाहेर पडताना तुम्ही पुटपुटलात, याला साधा भात तरी शिजवता येतो का. पण बाटली मुकाट्याने माझ्या हातात दिलीत.

तुमचे नाक अजून बंदच होते आणि जव्हारातले एक लग्न येऊन ठेपले. देग चढली. तुम्ही मला जवळ बोलावलेत.

"आज वास तू घे."

मी वाकलो. काही वेळाने म्हणालो, "झालं." झाकण उघडले, तर दाणा न् दाणा सुटा. "माझं नाक याच्याकडे गेलं," असे तुम्ही साऱ्या मांडवाला सांगत सुटलात. पुढे तुमचे नाक पूर्ववत झाले, तरी देगीपाशी मलाच विचारत राहिलात. त्या मानावर मी आयुष्य काढले.

तुम्ही आता नाही आणि हे पत्र टपालात टाकायचे नाही, म्हणूनच लिहिता येते. अब्बा, त्या दिवशी मला धुराखेरीज कसलाही वास आला नव्हता. तुमचा हात सवयीने, नकळत निखारे काढायच्या चिमट्याकडे गेला, तो पाहून मी "झालं" म्हणालो. पुढेही मी तुमच्या हाताकडेच पाहत असे.