दुमडलेली ओळ

मी, अपेक्षा महिपती खुटवड, वय २९, अविवाहित, धंदा नोकरी (ईसीजी टेक्निशियन), राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतः टाइप करून लिहून ठेवत आहे. माझे मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला कोणी देत नाही, म्हणून हा कागद.

१. माझ्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आहे. हा आजार रक्ताच्या नात्यातून पुढे जातो. जनुक तपासणीत तो निश्चित झाला आहे. येत्या बुधवारी माझ्या छातीत, ठोके बिघडल्यास झटका देणारे यंत्र बसवणार आहेत. शस्त्रक्रिया लहान आहे, आजार लहान नाही. वडील अडतिसाव्या वर्षी चहा पिता पिता गेले. थोरला भाऊ शंभू एकतिसाव्या वर्षी गेला. दोघांचेही शवविच्छेदन झाले नाही. वडिलांच्या वेळी आमच्यात कोणी तसे सुचवलेच नाही. शंभूच्या वेळी मी सुचवले, तर आई दुर्गाबाई म्हणाली, "गेला तो गेला. आता चिरफाड करून काय मिळणार हाय तुला?"

२. धायरीतला माझा एक बेडरूमचा फ्लॅट, जिथे पूर्वी आमच्या शेतात कांदा होत असे, शंभूची मुलगी संस्कृती, वय ७, हिला मिळावा. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई ऋतुजा शंभू खुटवड, म्हणजे माझी वहिनी, यांनी तो सांभाळावा. माझ्या आईला तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील.

या कलमाच्या पहिल्या मसुद्यात एक अट होती: संस्कृतीच्या हृदयाची तपासणी झाल्याशिवाय फ्लॅट तिच्या नावावर होऊ नये. तिला हा आजार असण्याची शक्यता निम्मी आहे. वहिनींना मी ती अट वाचून दाखवली. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, भैरूअण्णा देवाच्या नावानं नारळ मागतात, तुम्ही पोरीची छाती मागता. अट दोघांचीही हायच."

अट काढून टाकली आहे. फ्लॅट विनाअट.

३. बँकेतली शिल्लक आणि स्कूटर आईला. पैसे तिने देवाला दिले तरी माझी हरकत नाही. जिवंतपणी तरी कुठे विचारत होती.

४. माझे हातात नेता येणारे ईसीजी यंत्र सहकारी तेजस वानखेडे यांना. सोबत एक सूचना: या यंत्राने छापलेला कागद कधीही दुमडू नये. कारण कलम ७ मध्ये आहे.

५. मृतदेहावर मृत्युपत्राचा अंमल चालत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून ही विनंती समजावी. माझे शवविच्छेदन व्हावे, हृदय तपासणीसाठी ठेवून घ्यावे आणि अहवाल वहिनींना द्यावा. दहनापूर्वी छातीतले यंत्र काढणे मात्र विनंती नाही. आगीत त्याची बॅटरी फुटते. विद्युतदाहिनीवरच्या माणसाला आधी सांगावे, त्याचा यात काही दोष नाही.

दशक्रिया आईला करायची तर करू द्यावी. कावळा शिवला नाही तर माझी इच्छा काय राहिली, यावर घाटावर चर्चा करू नये. राहिलेली इच्छा कलम ७ मध्ये लिहिली आहे.

६. भैरूअण्णा, आमच्या भावकीचे भगत, यांना माझ्या मालमत्तेतून काहीही नाही. वडील गेले तेव्हा त्यांनी सांगितले की जमीन विकल्यावर यात्रेतली देवाची काठी बंद केली, म्हणून देव कोपला. मी दहा वर्षांची होते. त्या वाक्यामुळेच मी पुढे विज्ञान शाखा घेतली. तेवढे श्रेय त्यांचे.

७. हे कलम तीन वर्षांपूर्वी लिहायला हवे होते.

आमच्या मूळ गावच्या यात्रेत देवाची पंचवीस फुटी काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून टेकडीवरच्या देवळापर्यंत नाचवत नेतात. मान थोरल्या मुलाचा. २०२२ च्या चैत्रात शंभूने वडिलांनी बंद केलेली काठी पुन्हा उचलायचे ठरवले. रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेले फूल डावीकडे पडले. म्हणजे नकार. भैरूअण्णा म्हणाले, या वर्षी शंभूने काठी धरू नये.

मी म्हटले, "देवाने त्याची छाती तपासली का?"

"तू तपास की," भैरूअण्णा म्हणाले. "तुझी मशीन काय म्हणते ते लिहून आण. आम्हीबी वाचू."

दुसऱ्या दिवशी मी शंभूचा ईसीजी काढला. छातीच्या डाव्या बाजूच्या तीन लीडमध्ये, म्हणजे तिथल्या तारांच्या नोंदीत, जी लाट वर जायला हवी, ती खोल खाली गेली होती. यंत्राने वरच्या ओळीत छापले होते: ईसीजी असामान्य, डॉक्टरांना दाखवा. टेक्निशियनने ईसीजी काढायचा असतो, वाचायचा नसतो. हा नियम मला पहिल्या वर्षी शिकवला होता. शंभू जिममध्ये जायचा. व्यायाम करणाऱ्यांमध्ये असे कधी कधी दिसते, अशी मी स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांना दाखवायचे तर चार दिवस लागले असते. यात्रा तीन दिवसांवर होती. मला शंभूच्या छातीपेक्षा भैरूअण्णांचे तोंड बंद करण्याची घाई होती.

मी वरची ओळ मागे दुमडली. ओटीवर भावकीतली पंधरा माणसे बसली होती. त्यांच्यासमोर कागद धरला आणि म्हणाले, "नॉर्मल."

शंभू हसला. "बघा अण्णा, तुमचं फूल फेल झालं." आईने माझ्याकडे पाहिले. विचारले, "नक्की ना गं?" मी नक्की म्हटले. तिने देवाला हात जोडले आणि काठीला हळदकुंकू लावले.

शंभू टेकडीच्या शेवटच्या वळणावर पडला. काठी त्याच्या अंगावर पडली नाही, तो आधी पडला.

त्यानंतर वहिनींनी मला एकच प्रश्न विचारला: "मशीन नॉर्मल म्हणाली होती ना?" मी उत्तर दिले, "ईसीजीत सगळंच दिसत नाही." हे वाक्य शास्त्रानुसार खरे आहे. त्या दिवशी ते खोटे होते. दिसले होते.

माझ्या घरच्यांनी विज्ञान नाकारले, असे मी तीन वर्षे कामावर, डॉक्टरांना, स्वतःला सांगत आले. तसे घडलेले नाही. त्यांनी देवाचा शब्द बाजूला ठेवून माझ्यावर विश्वास ठेवला. आज वहिनी म्हणतात, "तुमच्या मशीननं त्यांना पास केलं, आता पोरीला नापास करायला तीच मशीन?" त्यांच्याकडे असलेल्या माहितीवरून हा निष्कर्ष बरोबर आहे. माहिती मी दिलेली होती.

यंत्र बरोबर होते. फूल, योगायोगाने, बरोबर पडले. चूक माझी होती.

तो मूळ कागद, घडी उलगडून, या मृत्युपत्राला जोडला आहे. तो वहिनींच्या मालकीचा. संस्कृतीचा ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हावी, ही माझी राहिलेली इच्छा. दोन्हींत सुई लागत नाही. ही अट नाही. अट घालण्याचा माझा अधिकार संपला आहे.

८. साक्षीदाराने मजकूर वाचणे कायद्याने बंधनकारक नाही. तरीही साक्षीदार क्र. २ यांनी हा कागद पहिल्या ओळीपासून वाचून मगच सही करावी, अशी माझी विनंती आहे. हे माझ्या मृत्यूनंतर कळण्यात अर्थ नाही. मुलगी आत्ता सात वर्षांची आहे आणि शाळेत लंगडी खेळते.

येथे मजकूर संपला. खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार: अपेक्षा महिपती खुटवड (सही)
ठिकाण: धायरी, पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार क्र. १: तेजस वानखेडे (सही)

साक्षीदार क्र. २: ऋतुजा शंभू खुटवड (सही)

(साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली पेनाने लिहिलेले, जसेच्या तसे:)

सगळं वाचलं. दोनदा. कागद मी नेते आहे. संस्कृतीला उद्या तपासायला नेणार. डॉक्टर स्वतः वाचतील तिथंच. आईंना मी काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगा, बुधवारच्या आत. पोरीला मशीन लावतील तेव्हा तुम्ही त्या खोलीत यायचं नाही.