डबे रिकामे परत करावेत

१८ एप्रिल २०२१, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण थकवा. महिनाभर पेपरसाठी निधनवार्ता लिहून हाताला तेच वळण लागले आहे. काल गॅसच्या पुस्तकावर स्वतःचे नाव टाकायला गेलो, आधी 'कै.' उमटले. खोडले.
गोदावरी नांदेडला, लेकीच्या बाळंतपणासाठी. जिल्ह्याची हद्द बंद. ई-पासचा अर्ज 'प्रलंबित'. इकडे लातुरात मी, आणि तिने बरणीत भरून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी. स्वयंपाक शिकण्याचा संकल्प. प्रारंभ उद्या.

१९ एप्रिल
भात करपला. पातेले भिजत घातले आहे. पातेल्यापेक्षा समाजाकडे लक्ष देणे अधिक योग्य.
मारुतीच्या देवळामागे सभागृह आहे. तिथे कॉलनीतल्या बायकांचा बचत गट एरवी शेवया-पापड करतो. सध्या कोरोनामुळे घरात कोंडून घेतलेल्यांना डबे पोचवतो. प्रमुख पंचफुलाबाई. त्यांना मार्गदर्शनाची गरज आहे. त्यांनी ते मागितलेले नाही. पण गरज ज्याची असते त्याला ती कळतेच असे नाही.

२० एप्रिल, सकाळ
निरीक्षण केले. दाराबाहेरून, दोन मास्क लावून. हादरलो. परत येणारा एकही डबा रिकामा नसतो! कशात वाटीभर तूरडाळ, कशात मिरच्या, कशात गुळाचा खडा. वसंतराव गुरुजींच्या डब्यात रोज एक लिंबू. गुरुजी म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. एकटे असतात, पॉझिटिव्ह आहेत, मुलगा हैदराबादेत अडकलाय, आणि अंगणात लिंबोणी.
पंचफुलाबाईंना म्हणालो, ज्या घरात रोग, त्याच घरातली वस्तू परत स्वयंपाकात? म्हणाल्या, "ओ पेपरवाले भाऊ, शेजाऱ्याचं भांडं मोकळं धाडतेत का कुठं? आन आमी समदं उकळत्या पाण्यातून काढताव की. डबाबी, लिंबूबी."
लिंबू उकळतात! विज्ञानाला तिथेच सोडून घरी आलो.

२१ एप्रिल
'आरोग्यसंरक्षण समन्वय समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिवपद किराणावाल्या शरणप्पांना देऊ केले. म्हणाले, "मला दुकान हाय." म्हणजे विचाराधीन.
सभागृहाच्या दारावर फ्लेक्स लावला : 'पात्रे प्रक्षालित व रिक्त अवस्थेत प्रत्यर्पित करावीत. आज्ञेवरून.' पंचफुलाबाईंनी अर्थ विचारला. डबे रिकामे परत करावेत, असे सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मौन म्हणजे संमती, हे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकलो होतो. ज्ञान वाया जात नाही.

२४ एप्रिल
संपूर्ण यश. घरोघरचे डबे रिकामे आले. 'डबावितरणात शिस्तीचे नवे पर्व' अशी बातमी दिली. क्लासच्या जाहिरातीखाली अर्धी छापली. 'प्रक्षालित'चे संपादकांनी 'धुतलेली' केले. भाषेला वाईट दिवस आलेत.
गोदावरीचा फोन. यश सांगितले. म्हणाली, "आत्याबाईंनी कधी कुणाचं भांडं रिकामं परत दिलं होतं का?" म्हणालो, आईच्या वेळी हा विषाणू नव्हता. म्हणाली, "जेवलात का?" विषय बदलण्याची तिची जुनी खोड. हो म्हणालो. (बिस्किटे.)

२७ एप्रिल
बऱ्याच घरांनी डबा बंद केल्याचे कळले. बरे झाले असणार. श्रेय समितीचे. वसंतराव गुरुजींनीही नको म्हणून सांगितले, उपवास आहे म्हणाले. आज हनुमान जयंती, समजू शकतो.
दिवसभर सायरन. फोन न उचलण्याचा संकल्प केला होता. उचलले. एक निधनवार्ता निलंग्याची, एक मुरुडची. मुरुडच्या माणसाबरोबर मी कॉलेजात खो-खो खेळलो होतो. बातमीत ते लिहिता येत नाही.

२९ एप्रिल
गुरुजींचा आजही उपवास. हनुमान जयंती संपून दोन दिवस झाले. या वयात, या तापात असा निग्रह! त्यांच्यावर पेपरसाठी चौकट लिहायला घेतली आहे.
सभागृहात वरण पातळ झालेय. पंचफुलाबाई म्हणाल्या, डाळ सरत आली, फोडणीला मिरच्या न्हाईत; घराघरांतून येत व्हतं, त्यावरच चालत व्हतं. आता चूल चालवायची का बंद करायची, ते रविवारी बघू म्हणाल्या. मी म्हणालो, दालमिलवाल्यांशी माझे बोलणे आहे. फोन केला. उचलला नाही. म्हणजे बोलणे व्हायचे आहे.

३० एप्रिल
गुरुजी अंगणात चक्कर येऊन पडले. समोर राहणाऱ्या राजकन्याबाईंनी पाहिले म्हणून बरे. ऑक्सिजन ठीक. डॉक्टर फोनवर म्हणाले, रोगाने नाही, पोटात अन्न नसल्याने.
चौकट मागे घेतली. जागा नव्हती, असे कळवले.
पंचफुलाबाई दाराशी आल्या. लांब उभ्या राहून बोलल्या, तरी फार जवळून ऐकू आले. "उपास कसला वो? त्यान्ला मोकळा डबा द्यायची लाज वाटलालीय. त्या एका लिंबावर मानूस ताठ मानेनं जेवत व्हता. तुमी ते लिंबू बंद केलाव."
मी म्हणालो, नियम तो नियम. तरी विशेष बाब म्हणून समितीची बैठक बोलावतो.
"बोलवा," म्हणाल्या आणि गेल्या.
सायंकाळी कळले, त्या तडक गुरुजींच्या कुंपणाशी गेल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या : "गुरुजी, लिंबाबिगर वरनाला चवच यीना. देताव का दुसरीकडून आनू?" गुरुजी भिंत धरून उठले. लिंबू दिले. डबा घेतला. चिडलेले होते म्हणे, पण जेवले.
बैठक गणसंख्येअभावी तहकूब.

१ मे
फ्लेक्स जागेवर नाही. चौकशी केली. उलटा अंथरून त्यावर मिरच्या वाळत घातल्यात. म्हणजे मिरच्या पुन्हा येऊ लागल्या. समितीच्या साहित्याचा लोकोपयोग होत असल्याची नोंद घेतली.
घसा खवखवतोय. ऊन.

३ मे
ऊन नव्हते. पॉझिटिव्ह.
संकल्प : गोदावरीला सांगायचे नाही, कोणाकडे काही मागायचे नाही. पहिला संकल्प तिचा फोन आल्या आल्या मोडला. ती रडली नाही. म्हणून मला जास्त भीती वाटली.
दुसरा पाळला. मी मागितले नव्हते, तरी दुपारी दाराच्या कडीला डबा. तिने नांदेडहून पंचफुलाबाईंना फोन केला होता. वरण-भात, वर लिंबाची फोड. कॉलनीत लिंबोणी एकच आहे.
चव लागत नव्हती. सगळे संपवले.

४ मे
डबा धुतला. दारापर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. नियम माझाच आहे, अंमल सोपा असायला हवा होता.
घरात शोधले. बिस्किटांचा चुरा. समितीची लेटरहेडे. शेवटी बरणीच्या तळाशी उरलेली चटणी चमच्याने खरवडून डब्यात भरली. बाहेर ठेवताना रस्त्यावर कोणी नाही ना, ते पाहिले. हे नियमाचे उल्लंघन नव्हे. प्रयोग.

५ मे
पंचफुलाबाईंचा फोन. चटणी पुन्हा कढईत भाजून घेतली आणि डब्यांतून चिमूट चिमूट वाटली. गुरुजींना तर लई आवडली. "कुनी केलती वो, भाऊ?"
मीच, म्हणालो. ताप होता.
"मग उद्याच्याला जरा जास्त धाडा," म्हणाल्या.
बरणी रिकामी आहे. शरणप्पांना फोन करून शेंगदाणे दारात ठेवायला सांगितले. मग नांदेडला फोन लावला. गोदावरीला विचारले, आधी भाजायचे की आधी कुटायचे?
ती बराच वेळ काही बोलली नाही. या मौनाचा अर्थ अजून लागलेला नाही.