मुद्दाम चुकलेला नेम

प्रिय चिमे,

तू बजावलं होतंस, की पत्र लिही, पण त्यात त्याचा विषय नको. मी ते पाळलं. कारखान्याचं लिहिलं, माझ्या गुडघ्यांचं लिहिलं, वरच्या मजल्यावरच्या बाईच्या भांडणांचं लिहिलं. आज मात्र सगळं त्याच्याबद्दलच आहे, तुझ्या धाकट्या भावाबद्दल. फाडून टाकू नकोस, एवढंच मागते. जावई लढाईत गेले तेव्हा तू म्हणालीस, असल्या भित्र्यांच्या बंदुका गप्प राहिल्या म्हणून माझा माणूस गेला. हे पत्र त्याला उत्तर नव्हे.

आमच्या शिवणखात्यात आता लष्कराचे सदरे सोडून दुसरं काही शिवलं जात नाही. मी कॉलर लावते. भरती होण्याआधी तो पलीकडच्या मोठ्या टेबलावर कापड कापायचा. त्याचा हात तुला ठाऊक आहे. मला सुईत दोरा ओवून देताना तू दहादा दोरा चाटायचीस, तोंड वाकडं करायचीस; तो नुसता बघायचा आणि दोरा आत. लष्कराला तोच हात आवडला. सरावाच्या मैदानावर त्याचा नेम सगळ्यांत पक्का निघाला, साहेबांनी पाठ थोपटली, हे त्यानं लाजत लाजत कळवलं होतं. मी मूर्खासारखी ते खातंभर सांगत सुटले. कापडावर खडूची रेघ मारणाऱ्याला बंदुकीचा नेम काय अवघड, असंही वर म्हटलं.

पुढे काय झालं ते त्यानं घरी आल्यावर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. कधी भांडी पुसताना, कधी माझ्याकडे पाठ करून. त्याला दुर्बिणीची बंदूक देऊन एका पडक्या भिंतीमागे बसवलं होतं. दुर्बिणीतून समोरचे लोक दिसायचे. एका सकाळी एकजण दुसऱ्याचे केस कापत होता, आणि कापताना त्याचा कान दोन बोटांनी दुमडून धरत होता. तुझा भाऊ म्हणाला, तो कान कापला जाऊ नये म्हणून किती जपत होता, आई. यानं गोळी मुद्दाम वर मारली. दुसऱ्या दिवशीही वरच. इतर कुणाची गोळी चुकली तर कुणी विचारत नाही. पण ज्याचा नेम मैदानावर कधी चुकला नाही, त्याचा रोजच कसा चुकतो, हे हवालदाराच्या लक्षात आलं. चांगल्या हातानंच घात केला बघ.

आधी नुसती थट्टा झाली. मग त्याच्या ताटाशी कुणी बसेना. मग पाठीवर दगडांची पिशवी देऊन त्याला उन्हात पळवायचं, पडला की उठवायचं. हवालदार मनानं वाईट नव्हता, असं तोच सांगतो. हवालदार कानाशी येऊन म्हणायचा, पोरा, एकच मार, मग सवय होते. यानं बंदूक उचलायलाच नकार दिला. मग त्याला खंदकाबाहेर, समोरच्यांना दिसेल अशा खांबाला हात वर करून बांधलं. आपल्यांनी मारायचं नाही, त्यांना मारू द्यायचं. तिन्हीसांजेपर्यंत तो तिथे होता. समोरून एकही गोळी आली नाही. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. परक्यांनी सोडलेल्याला घरचे सोडतील का, हाच विचार मनात आला.

मग मला बोलावणं आलं. एक मेजर आपल्या घरी येऊन बसले, अगदी मऊ बोलले, पाणी प्यायले. म्हणाले, आईचं ऐकतात ही मुलं. तुम्ही फक्त येऊन त्याला बंदूक उचल म्हणा, बाकी सगळं मिटवतो. मी गेले. तुझ्यापासून लपवलं, कारण तू म्हणाली असतीस, त्या भित्र्यासाठी जाऊ नकोस. वाटभर मी वाक्य घोकत होते. राजा, माझ्यासाठी उचल. खरं सांगते, मला तेच म्हणायचं होतं. समोरचा मेला तर मेला, त्यालाही आई असेल तर असो, मला माझा जिवंत हवा होता. मोठी तत्त्वं मला कळत नाहीत.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासलेला. त्याला आणलं. गाल आत गेलेले, मनगटं सुजून काळीनिळी. अंगात आमच्याच खात्यातला सदरा होता, टाक्यावरून ओळखला. गळ्याचं बटण उघडं होतं. त्यानं लावायचा प्रयत्न केला, बोटं वाकेनात. मी उठून लावलं. दारातला शिपाई नको म्हणायच्या आत लावून टाकलं. आणि वाक्य गेलं ते गेलंच. मी विचारलं, जेवतोस का? तो म्हणाला, "आई, तू सांगशील तर उचलीन. म्हणून सांगू नकोस." मी नाही सांगितलं. बाहेर मेजर म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलंतच नाही. तेव्हा त्यांचा आवाज मऊ नव्हता.

नंतर सगळ्यांसमोर त्याला उभं करून शिक्षा वाचून दाखवली. गोळ्या घालून मृत्युदंड, एवढं वाचून वाचणारा थांबला. तो म्हणतो, त्या थांबण्यात त्याला आपल्या जिन्याची प्रत्येक पायरी आठवली. मग पुढचं वाचलं, की शिक्षा कमी करून त्याला मनाच्या दवाखान्यात धाडण्यात येत आहे. मुद्दामच थांबतात म्हणे, बाकीच्यांनी बघावं म्हणून. दवाखान्यात हाताला विजेचे झटके द्यायचे, आणि प्रत्येक झटक्यानंतर लाकडी बंदूक पुढे करायची. तिथे अंगावर नुसती हाडं उरल्यावर विश्रांतीसाठी म्हणून घरी पाठवला.

चिमे, तो आता फार हळू चालतो. दार लोटलं की दचकतो. मी कारखान्यातून येते तेव्हा तो जमिनीवर बसून माझ्या उसवलेल्या चिंध्या घड्या घालून ठेवत असतो. एकदा हसलासुद्धा. वरच्या बाईनं मला विचारलं, तुमच्याकडे पाहुणा आहे का, तर आतून हाच म्हणाला, पाहुणाच आहे, जात नाही. मी खूप दिवसांनी हसले. पण शेजारी बोलत नाहीत. खात्यात माझ्या शेजारचं मशीन रिकामं असतं, तिथे कुणी बसत नाही. दारावर कुणीतरी काळ्या रंगानं एक शब्द लिहिला होता, तो मी घासून काढला.

परवा लष्कराचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी त्याच्या हातात सुई-दोरा दिला. मी मनात म्हणत होते, थरथर रे, थरथर. पण कापड, दोरा दिसला की तो हात अजूनही शहाण्यासारखा वागतो. दोरा आत गेला. डॉक्टरांनी "बरा झाला" असं लिहिलं. सोमवारी न्यायला येणार आहेत. जाताना ते मला दारात हळूच म्हणाले, आता पुन्हा नाही म्हणाला तर शिक्षा वाचताना कुणी थांबणार नाही. तेव्हापासून जिन्यावर पाय वाजला की मी आधी दाराची कडी बघते.

आता का लिहिलं ते सांगते. तुझ्या दारावर सरकारनं लावलेली वीरपत्नीची पाटी आहे. शहरातलं प्रत्येक घर ते धुंडाळतील, पण त्या घराची झडती घ्यायला त्यांचा हात धजायचा नाही. जावयांच्या नावाआड मी त्याला लपवू पाहतेय, हे किती वाईट आहे ते मला कळतं. सापडला तर तुझंही घर जाईल. ज्या गाडीतून हे पत्र आलं, ती सदऱ्यांची गाडी आहे. तुझं वाचून होईपर्यंत ड्रायव्हर थांबेल. गठ्ठ्यांच्या मागे तो बसला आहे. तू नाही म्हणालीस तर गाडी त्याला परत आणेल, आणि मी तुला कधी बोल लावणार नाही, देवाशपथ. तू नाही म्हणू शकतेस हे त्याला माहीत नाही. त्याला मी एवढंच सांगितलंय, की ताईनं बोलावलंय.

तुझीच,
आई