मंगळाच्या कडेवरचा ढग

नायगाव, ७ डिसेंबर

प्रिय अपू,

काल शिवाजी पार्कात आपल्या चाळीच्या पाण्याच्या स्टॉलवर दुपारपर्यंत उभी होते. चैत्यभूमीची रांग एवढी, की मान वर करायला सवड नव्हती. तरी समोरच्या इमारतीतल्या तुझ्या चौथ्या मजल्याच्या गच्चीकडे दोनदा पाहिलंच. दुर्बिणीच्या जागी टॉवेल वाळत होते. ती तू एका शाळेला देऊन टाकलीस हे ऐकलं होतं, ते खरंच निघालं.

इकडे पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होतेय. पुढच्या महिन्यात आमचा नंबर. आई भांडी बांधता बांधता विचारते, "अपू का गं येत नाही हल्ली?" मी सांगते, तिला कामं असतात. तिला ते पटत नाही, मलाही नाही.

बारावीच्या वर्षी आपण दोघींनी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला होता. गॅलरीत पाण्याच्या पिंपावर काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड, आणि आपण पिंपाभोवती फिरत घासायचो. परीक्षा जवळ आली तशी तू थांबलीस. उरलेले दोन महिने मी एकटीच घासत होते. तीन वर्षांपूर्वी दादरच्या त्या कार्यक्रमात तू माईकवर म्हणालीस, "आम्ही आरसा घासला." टाळ्या पडल्या. तू खोटं बोलली नव्हतीस, पण तो "आम्ही" मला कितीतरी दिवस टोचत राहिला. मग तुझं लग्न झालं, शिवाजी पार्कची गच्ची मिळाली, मोठी दुर्बीण आली, नवा कॅमेरा आला. तू काढलेल्या गुरू ग्रहाच्या फोटोंना आपल्या आकाशनिरीक्षण ग्रुपचे कर्णिक सर "वा" म्हणायचे, माझ्या फोटोंना "प्रयत्न चांगला". मी तुझं कौतुक करायचे आणि घरी येऊन तुझे फोटो मोठे करून त्यात चुका शोधायचे. सापडायच्या नाहीत, म्हणून आणखी चिडायचे.

सत्तावीस फेब्रुवारीच्या संध्याकाळी तू मंगळाचा तो फोटो ग्रुपवर टाकलास. ग्रहाच्या कडेबाहेर, जिथे तिकडची सकाळ होत असते तिथे, एक फिकट फुगवटा. खाली तू लिहिलंस, "ढग असेल का? पण इतका उंच?" मंगळावर ढग असतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कडेबाहेर दिसावा एवढ्या उंचीवरचा आपल्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. रविवारी सरांच्या घरी जमलो. सर म्हणाले, "कॉम्प्युटरवर फोटोला जास्त धार काढली की कडा अशा फुगतात. दुसऱ्या कुणाकडे त्याच वेळचं काही असेल, तरच मानता येईल." कुणाकडे नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "मानसी, तू होतीस ना त्या दिवशी तुमच्या चाळीच्या गच्चीवर?" मी म्हटलं, "होते सर, पण हवा फार हलत होती. काही धड आलं नाही." ग्रुपमधला स्वप्नील म्हणाला, "अपूर्वाची भाकरी फुगली," आणि सगळे हसले. मीही हसले. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस. त्या आठवड्यात तू ग्रुप सोडलास, मग माझे फोन घेणंही सोडलंस.

माझ्याकडे होतं, अपू. आठ वाजून दहा मिनिटांचा व्हिडिओ. त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचल्या, तर तोच फुगवटा, त्याच जागी. तुझा फोटो येण्याआधी अर्धा तास मी तो पाहिला होता आणि कॅमेऱ्याचा दोष समजून बाजूला ठेवला होता. तुलाही तसंच वाटू शकलं असतं, पण तू चारचौघांत विचारलंस. ते मला सहन झालं नाही. मी "हो" म्हटलं असतं तर ढग तुझा झाला असता आणि मी नुसती साक्षीदार. नऊ महिने तो व्हिडिओ मी पुसलाही नाही आणि कुणाला दाखवलाही नाही.

आज सकाळी तो तारीख-वेळेसकट ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, की हा त्याच दिवसापासून माझ्याकडे होता, हवा चांगली होती आणि मी खोटं बोलले. दुपारी सरांचा फोन आला. दोन्ही फोटोंत जागा एकच, वेळेत सात मिनिटांचा फरक. म्हणाले, "ग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला निरीक्षण अपूर्वाच्या नावाने पाठवू, दुजोरा तुझा." खरं सांगते, ते ऐकतानाही आत टोचलं. ते अजून गेलेलं नाही. मग सर म्हणाले, "तिला तू सांगितलंस का?" म्हणून हे पत्र. तुझ्या वॉचमनकडे ठेवून जाईन, वर येणार नाही. सर तुला उद्या फोन करतील. तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझीच
मानसी