सायलीने दिलेला खजूर

रमजानचा अकरावा दिवस, मंगळवार. डिचोली.

आज माझा रोजा नव्हता. सकाळी पाळी आली आणि दुपारी मी घरी भात जेवून कोडिंगच्या क्लासला गेले. एवढंच क्लासमधल्या मैत्रिणीला, सायलीला, सांगायचं होतं. पण शेजारी मुलगे बसलेले. ती पेडण्याहून न जेवताच थेट आलेली, तरी डबा उघडेना. म्हणाली, “तू खाईपर्यंत मी पण नाही.” नंतर सांगू म्हटलं. नंतर म्हणजे कधी? चार तास उपाशी बसली. तिचा प्रोग्राम चालेना, सर ओरडले, ती डोकं धरून बसली. तेव्हा तरी सांगायचं!

अजान झाली तेव्हा पायऱ्यांवर आम्ही दोघीच होतो. तिने कागदात गुंडाळलेला खजूर काढला. एकच.

“नसीमा, रोजा सोडताना मागितलेलं मिळतं ना गो? माझ्या आईसाठी माग.”

तिची आई महिनाभर इस्पितळात आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तिने त्यात खजूर ठेवला.

मी हात पसरून मागितलं. अगदी मनापासून. रोजा नसला तरी अल्ला ऐकतो, हे मला ठाऊक आहे. मग सायलीला सांगायची भीती कसली? रोजेदार म्हणून ती मला जपते, ते मला आवडतं, म्हणून?

खजुराची बी अजून बॅगेत आहे. टाकवत नाही.

आत्ताच तिचा मेसेज आला. “आईने आज वाटीभर पेज घेतली. तुझ्या रोज्यामुळे.”

उपाशी तर आज तीच होती.